दुसरा रकाना

धुळ्यातल्या बायकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, देवी टोचणारी आली. त्यांची चूक नव्हती. खळ घातलेलं नऊवारी, पायात चपला, खांद्याला कापडी पिशवी आणि हातात वही-पेन्सिल. असलं ध्यान गल्लीत शिरलं की पोरांचे दंड सुजणार, एवढं त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. मी गल्लीच्या तोंडाशी दिसले रे दिसले की तान्ही, रांगती, दुडदुडती सगळी पोरं गडप. एका घरी मी ओट्यावर टेकले आणि विचारलं, "घरात लहान मूल आहे का हो?"

"नही बा, कोनीच नही," बाई म्हणाली. तेवढ्यात कणगीमागून शिंक आली.

"ती मांजर शे."

मी वहीत लिहिलं, मांजर. हसू नका, खरंच लिहिलं. वीस वर्षांची होते, मराठी सातवी पास होते, आणि जे स्वतःच्या कानावर पडेल तेच वहीत उतरवायचं असा मला हुकूम होता. तो हुकूम पुढे मी कसा पाळला, तेच सांगायला बसले आहे.

हुकूम आमच्या ह्यांचा. धुळ्याला शिक्षक तयार करणाऱ्या ट्रेनिंग कॉलेजात हे मानसशास्त्र शिकवायचे. गावात सगळे त्यांना प्रोफेसर म्हणत; निम्मे आदरानं, निम्मे गमतीनं. आणि मी आपोआप प्रोफेसरीणबाई झाले. त्या नावाला माझ्याकडून काडीचीही हरकत नव्हती. नदीपलीकडे देवपुरात आमच्या दोन भाड्याच्या खोल्या होत्या. पांझरेच्या पुलावरून बाजाराला जाताना कुणी "प्रोफेसरीणबाई" अशी हाक मारली की मी मुद्दाम पहिल्या हाकेला वळत नसे. दुसरी हाक ऐकायला बरी वाटायची.

ह्यांना लहान मुलांच्या बोलण्याचं वेड कुठून लागलं, तेही सांगते. एकदा हे एका खेड्यातल्या शाळेत विद्यार्थ्यांचे पाठ बघायला गेले होते. पहिलीचा वर्ग. शिकाऊ मास्तरांनी चित्र दाखवून विचारलं, हे काय आहे? एका पोरानं उत्तर दिलं, बरोबर दिलं, पण घरच्या बोलीत. मास्तरांनी त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. त्या दिवशी ते पोर पुन्हा बोललं नाही. हे घरी आले आणि ताटावरून तसेच उठले.

"मूल पाच वर्षं काहीतरी बोलत असतं गं," म्हणाले, "मग शाळेत येतं आणि मुकं होतं. आधी ते काय बोलत होतं, हे कुणी लिहूनच ठेवलेलं नाही. मास्तरांना कसं कळणार?"

परदेशातले प्रोफेसर आपल्याच मुलांच्या पाळण्याशी बसून एकेक शब्द टिपतात, हे त्यांनी पुस्तकांत वाचलं होतं. ह्यांना एक मूल पुरणार नव्हतं. सगळ्या खानदेशातली मुलं हवी होती: केव्हा बोलतात, काय बोलतात, आधी कोणता शब्द, मग कोणता. त्याचं पुस्तक होणार होतं आणि ते दर शिक्षकाच्या हातात जाणार होतं. पण परक्या पुरुषासमोर कुठली बाई आपल्या पोराबद्दल बोलणार? म्हणून मी. पिशवीत वही, पत्र्याचा पोपट, खडीसाखरेची पुडी आणि एक पितळी घंटी. घंटी मुलाच्या पाठीमागे वाजवायची. वळलं तर ऐकू येतं. ते सर्वांत आधी बघायचं, असं ह्यांनी मला दहा वेळा बजावलं होतं.

सासूबाईंना हा उद्योग पहिल्या दिवसापासून नापसंत. "लोकांची पोरं बोलतात का बघत गावभर हिंडते," त्या शेजारणीला मला ऐकू जाईल अशा बेतानं सांगत, "घरातलं पोर रडतंय, ते काही हिच्या कानावर पडत नाही."

घरातलं पोर म्हणजे माझा थोरला. तो खरंच रडत असे. मी म्हणे, शास्त्राचं काम आहे.

महिना दोन महिन्यांत बायकांना कळलं की ही टोचत नाही, नुसतं लिहिते. पण त्यानं भीती कमी झाली नाही, उलट वाढली. टोचलेलं चार दिवसांत बरं होतं. पोराचा शब्द कुणी मोजून कागदावर लिहिला, तर त्याला दृष्ट लागून त्याची वाचाच बसायची. मग मी विचारलं की प्रत्येक आईचं एकच उत्तर.

"मना पोऱ्या मुकाच शे, बाई."

"काहीच बोलत नाही?"

"काहीच बोलस नही. काय लिखी ऱ्हायनी तू?"

आणि तो मुका पोऱ्या माझ्या पिशवीतून पोपट ओढत बोंबलतोय, "माले दे! मना शे! माले दे!"

ही गंमत मी घरी येऊन सांगितली तेव्हा ह्यांचा चेहरा असा उजळला, जसा मला मुलगा झाला तेव्हाही उजळला नव्हता. तोवर ते काळजीत होते. वहीतली पोरं पुस्तकांतल्या पोरांपेक्षा फारच उशिरा बोलत होती. "अगं, हेच तर!" म्हणाले. "आई जे सांगते ते वेगळं आणि मूल बोलतं ते वेगळं." त्याच दिवशी त्यांनी पट्टी घेऊन नव्या वहीच्या प्रत्येक पानावर उभी रेघ मारली. पहिला रकाना, आई सांगते ते. दुसरा रकाना, स्वतः ऐकलेले. "दुसऱ्या रकान्यात तुझ्या कानांनी ऐकलं नाही असं एक अक्षर जाता कामा नये. मूल बोलेपर्यंत बसायचं. तास लागो, दोन तास लागोत."

पहिले काही दिवस मी बसले. परक्या ओट्यावर, माश्या वारत, दीड वर्षाच्या मुलाच्या तोंडाकडे बघत. तुम्ही कधी बसला आहात? ते आपल्या पायाचा अंगठा चोखतं. ते माती खातं. ते तुमच्या मांडीवर झोपून जातं. मी उठायला लागले की नेमकं काहीतरी बोलतं, तेही तोंडात खडीसाखर धरून.

मग माझ्या हुशारीला अंकुर फुटला. सगळ्याच आया लपवतात ना? मग किती लपवतात तेवढं ठरवलं की झालं. दहा-वीस मुलं मी खरोखर ऐकली होती. त्यावरून मनाशी एक माप ठरवलं. आई म्हणाली "मुका शे" की दुसऱ्या रकान्यात घालायचे आई, दे, पाणी, मामा, नको, वर चार-दोन जनावरं. आई म्हणाली "एखाददुसरा शब्द बोलस" की पुरा संसार घालायचा, लहानलहान वाक्यांसकट. या वाढीला मी मनातल्या मनात नावही ठेवलं होतं, नजरेची भर. आता वाटतं, तेव्हाच्या त्या बयेला, म्हणजे मला, कुणीतरी त्या पांझरेच्या पुलावरच गाठून दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या. पण तेव्हा ती दुपारी दोन तासांत एक गल्ली संपवायची आणि तिला वाटायचं, प्रोफेसरांना जे जमलं नाही ते आपल्याला जमलं.

ह्यांना ती वही फार आवडायची. संध्याकाळी कंदील पुसून ते पानं उलटत बसत. "बघ, आपली मुलं उशिरा बोलत नाहीत," असं मला पुन्हा पुन्हा सांगत, जणू ती सगळी त्यांचीच मुलं होती. पुण्याच्या एका मासिकात त्यांचा लेख आला. एका मोठ्या शिक्षणतज्ज्ञांचं पोस्टकार्ड आलं, काम पुस्तकरूपानं यावं म्हणून. ते पोस्टकार्ड ह्यांनी मला वाचून दाखवलं. मग मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं, दोनदा, मोठ्यानं.

त्या वर्षी मी माहेरी जळगावला गेले. जळगावात आमच्या भिंतीला भिंत लागून माझ्या मैत्रिणीचं माहेर. दोघींनी मिळून सागरगोटे झिजवले, दोघींनी मिळून बाईंचा मार खाल्ला. वर्गात बोलण्याबद्दल असायचा तो मार, आणि बोलणारी ती एकटी असायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं. सगळ्या गल्लीच्या नकला करायची: बोहारीण, कासार, माझी आजी. तिसरीतच तिला शाळेतून काढली आणि नशिराबादला दिली. मी गेले तेव्हा तिच्या पोरीला दोन वर्षं उलटून गेली होती. मैत्रिणीला भेटणं होईल आणि वहीत एक पान भरेल, असा दुहेरी विचार करून मी टांगा केला.

तिचं घर शेतकऱ्याचं, भरलेलं. ओसरीवर सासू तुरीची डाळ निवडत बसलेली. खांबाला शेळी. शेळीपुढे जमिनीवर पोर बसलेली, फुटक्या बांगड्यांचे तुकडे एका ओळीत लावत. गोरी, टपोऱ्या डोळ्यांची. मला बघून हसली. मैत्रिणीनं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली, मी जेवले, सगळी नक्कल-टवाळी झाली. मग तिनं मला आतल्या खोलीत ओढलं आणि दार लोटलं.

"तुले एक सांगू? कोनाले म्हनू नको. माह्यी पोरगी बोलत नाही वं. आई बी म्हनत नाही."

मी हसले.

हे लिहिताना पेन थांबतं, पण हसले हे खरं. "मलासुद्धा?" मी म्हणाले. "अगं, धुळ्यातली दर बाई मला हेच सांगते. मी काय तुझ्या लेकीला दृष्ट लावणार आहे?"

"तसं नाही वं माय. खरंच नाही बोलत. मले तर वाटते, तिले आयकूच—"

ओसरीवरून सासूचा आवाज आला. तिचे कान तिखट होते. "बोलीन, बोलीन! काही काही पोरं उशिरा बोलतात. पोरीच्या जातीले लवकर बोलून कुठी वकिली करायची हाये?"

मैत्रीण माझ्याकडे बघत राहिली. मी पिशवीतून घंटी काढली. ऐटीत. ओसरीवर आले, दबकत पोरीच्या मागे गेले आणि घंटी खणखणून वाजवली.

शेळी दचकली. दाव्याला हिसडा देऊन मागे सरली आणि माझ्याकडे बघू लागली. आणि पोर शेळीकडे बघत होती, म्हणून पोरही वळली. तिनं मला पाहिलं, घंटी पाहिली, आणि हात पुढे केला.

तेव्हा मी एवढंच पाहिलं की पोर वळली. शेळी मला पुढे पाच वर्षांनी दिसली.

"झालं!" मी म्हणाले. "ऐकते तुझी लेक."

"आयकते?"

"वळली ना, डोळ्यांदेखत?"

"म्या तर किती हाका मारते, वळत नाही."

"तुझ्या बडबडीला विटली असेल. शाळेत आम्ही नव्हतो विटलो?"

ती हसली. पदरानं डोळे पुसत हसली. "तू शिकेल हायेस," म्हणाली. "तू म्हनतेस म्हंजे आयकत असीन." आणि मग तिनं मला पुन्हा विचारलं, अगदी हळू, "नक्की ना?"

"नक्की," मी म्हणाले.

पोरीनं घंटी सोडली नाही, म्हणून ती तिलाच देऊन टाकली. मूल बोलेपर्यंत बसायचं, तास लागो, दोन तास लागोत, हे मला पाठ होतं. पण टांगेवाला घाई करत होता, आणि दिवेलागणीच्या आत घरी आले नाही तर भाऊ, म्हणजे माझे वडील, रागावले असते. टांग्यात बसल्यावर मी मांडीवर वही उघडली. पहिला रकाना: काही बोलत नाही. दुसरा रकाना: आई, दे, पाणी, मामा, शेळी, नको. शिवाय वर शेरा: ऐकते. आई दृष्टीच्या भयाने लपवते. टांग्याच्या धक्क्यांनी अक्षर वेडंवाकडं आलं म्हणून घरी येऊन ते पान पुन्हा सुवाच्य लिहून काढलं.

धुळ्याला परतल्यावर ह्यांनी ते वाचलं आणि मैत्रिणीच्या घरी आपल्या हातानं चिठ्ठी लिहून धाडली. मुलगी ऐकते, तिला समजते. काळजीचे कारण नाही. तिच्याशी सतत बोलत राहावे, म्हणजे बोलेल.

माझ्या मैत्रिणीला आयुष्यात कुणी दिलेला एवढा सोपा सल्ला दुसरा नसेल. ती बोलत राहिली. जात्याशी, चुलीशी, विहिरीवर, शेतात. पुढे मला तिच्या दिरानं सांगितलं, बाई, वहिनी सकाळी उठल्यापासून त्या पोरीशी बोलायची, गोष्टी सांगायची, सगळ्या गावाच्या नकला करून दाखवायची. पोर तिच्या तोंडाकडे बघून हसायची. पाच वर्षं.

पाच वर्षांनी ती पोरीला घेऊन धुळ्याला आली. चाळीसगावला गाडी बदलून, एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात पोर. सात वर्षांची झालेली, दोन वेण्या घातलेली, शहाण्यासारखी चटईवर बसलेली. मैत्रीण माझ्याशी फार बोलली नाही, यावरूनच मला कळायला हवं होतं.

हे कॉलेजातून आले. दोन मिनिटं पोरीकडे नुसते बघत राहिले. मग उठले, तिच्या मागे गेले, कोनाड्यातली पितळी परात उचलली आणि फरशीवर सोडून दिली.

सासूबाई स्वयंपाकघरातून "काय पडलं, काय पडलं" करत धावल्या. माझा थोरला पुस्तक टाकून उठला. खिडकीतला कावळा उडाला. पोर चटईची काडी सोलत होती, ती सोलत राहिली.

"हिला लहानपणी कुणी तपासलं होतं?" ह्यांनी विचारलं.

मैत्रिणीनं कमरेचा बटवा सोडला. सुपारीच्या खांडांखालून एक चौघडी चिठ्ठी काढली. घड्यांवर पार फाटलेली. "तुमीच तर धाडली होती, दादा," ती म्हणाली.

ह्यांनी ती उलगडली. आपलं अक्षर ओळखायला माणसाला किती वेळ लागतो? ह्यांना बराच लागला.

मुंबईत मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा होती. ह्यांनी तिथं लिहिलं. उत्तर आलं, मूल फार मोठं झालं आहे, ओठांवरून शिकायची पहिली वर्षं गेली, तरी आणा, तिथंच ठेवावं लागेल. ते उत्तर घेऊन हे स्वतः नशिराबादला गेले. मैत्रिणीचा नवरा भला माणूस. त्यानं ह्यांना पाटावर बसवलं, चहा दिला. "प्रोफेसर," तो म्हणाला, "दोन वर्षांची होती तव्हा सांगतलं असतं, तर हिची माय घेऊन राह्यली असती मुंबईले. तव्हा आमची म्हातारी होती घर सांभाळाले. आता म्हातारी गेली, हिच्या पाठीवर दोन पोरं. आन् सात वर्साची पोरगी एकटी परगावी कोन ठेवीन?" ह्यांनी मुंबईचं पत्र घडी करून खिशात घातलं. परत आले ते पांझरेच्या घाटावर बराच वेळ बसून मगच घरी आले, असं दुसऱ्या दिवशी शेजारी म्हणाले.

सकाळी ह्यांनी सगळ्या वह्या टेबलावर मांडल्या आणि मला बोलावलं.

"यातलं तू स्वतः ऐकलेलं कुठलं?"

मी पहिली वही उघडली. दुसरी उघडली. सगळं माझ्याच सुवाच्य अक्षरात, सगळं सारखं. कुठल्या ओट्यावर मी खरंच बसले होते आणि कुठलं टांग्यात लिहिलं, कुठलं घरी येऊन, ते मलाच ओळखू येईना. मी म्हणाले, "हे बहुतेक ऐकलेलं." हे म्हणाले, "बहुतेक?" मग मी रडले. तेही सुवाच्य रडले असेन.

ह्यांनी मला बोल लावला नाही. लावला असता तर मी भांडले असते, सासूबाईंवर ढकललं असतं, माश्यांवर ढकललं असतं. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज दुपारी ते लाल पेन्सिल घेऊन बसले आणि प्रत्येक वहीतल्या प्रत्येक पानावरचा दुसरा रकाना वरपासून खालपर्यंत खोडून काढला. उरला पहिला. मुका शे. काही बोलत नाही. मुका शे. मुकीच शे. वहीमागून वही. सबंध धुळ्यात एक पोर बोलत नव्हतं.

पुस्तकाचा मजकूर पुण्याला छापायला गेला होता, तो परत मागवला. आला, तो पेटीत गेला. पुढच्या जूनमध्ये हे कॉलेजात गेले आणि शिकवत राहिले. पाठाची टाचणं कशी काढावी, फळ्यावर अक्षर कसं काढावं. मुलांच्या बोलण्याबद्दल वर्गातही बोलले नाहीत, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून कळलं. खेड्यातल्या शाळांतून मास्तर पूर्वीसारखेच पहिल्या दिवशी थोबाडीत मारत होते. ते बदलायला एक पुस्तक निघणार होतं. गावात त्यांना प्रोफेसर म्हणायचे, ते आता सगळेच आदरानं म्हणू लागले. माणूस विझला की लोक गंमत करायचं सोडतात.

त्यानंतर नऊ-दहा वर्षं मी नशिराबादला गेले नाही. जळगावला गेले तरी तिकडच्या रस्त्यानं जात नसे.

स्वराज्य आलं त्या वर्षीच्या उन्हाळ्यात, म्हणजे ते अजून यायचं होतं तेव्हा, मैत्रिणीचा निरोप आला. ये. मी गेले. तिचे केस पिकले होते. पोर सोळा-सतरा वर्षांची, आईच्या वरताण देखणी. मला बघताच तिचे डोळे मोठे झाले आणि तिनं उजवा हात वर करून मनगट झपझप हलवलं. पुन्हा हलवलं. मला कळेना.

"तुह्यं नाव हाये ते," मैत्रीण म्हणाली. "घंटी. तू दिली होती. दातावर धरते न् वाजवते. तिले थरथर लागते, बरं वाटते."

घरातल्या सगळ्या माणसांना तिनं अशी हातांची नावं ठेवली होती. बाप म्हणजे मिशी, धाकटा म्हणजे नाक पुसणं, आई म्हणजे ओठांपुढे भराभर उघडझाप करणारी बोटं. मी बघत बसले. वही नव्हती, आणि असती तरी काढली नसती.

मैत्रिणीनं मला त्याच आतल्या खोलीत नेलं. तेच दार लोटलं.

"आज पाव्हने येनार हायेत पोरीले पाहाले. धुळ्याकडचे. प्रोफेसरचं नाव त्यायच्या कानावर हाये. म्या सांगतलं, पोरगी लाजाळू हाये, कमी बोलते."

"अगं, पण—"

"ते तुले इचारतीन. तू सांगजो, आयकते."

मी लोटलेल्या दाराकडे बघितलं.

"एकदा लिवलं होतं ना तू?" ती म्हणाली. आवाज चढवून नाही. मीठ मागावं तसं. "तेच आज तोंडानं म्हन."

पाहुणे आले. मुलाचे वडील, मामा आणि एक आत्या. पोरीनं पोह्याचं ताट आणलं, आईनं खुणावलं तशी वाकून नमस्कार करून बसली. आत्याला ती आवडली, ते दिसत होतं. आत्या तिला काहीतरी विचारू लागली आणि मैत्रीण मध्येच उत्तर देत राहिली, हसत, भराभर, तिच्या त्या जुन्या जिभेनं. शेवटी मुलाचे वडील माझ्याकडे वळले.

"प्रोफेसरीणबाई, तुम्ही जाणत्या. मुलगी कमी बोलते म्हणतात, त्याचं काही नाही. ऐकू तर नीट येतं ना?"

मैत्रीण माझ्याकडे बघत होती. तशीच, जशी पंधरा वर्षांपूर्वी बघत होती. पोर माझ्याकडे बघून हसत होती. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. आता तरी खरेपणानं वागायचं, असं त्या बयेच्या मनात होतं. खरेपणाला तिनं मुहूर्त बघा कुठला काढला!

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली.  "बरं, कळवतो," ते म्हणाले. आत्या उठताना पोरीच्या गालावरून हात फिरवून गेली.

बैलगाडी वळणापलीकडे गेल्यावर मैत्रीण ओसरीच्या खांबाला टेकली. "तव्हा गप बसाचं होतं तर लिवलं," ती म्हणाली. "आज बोलाचं होतं तर गप बसली." एवढंच. मग तिनं उष्ट्या बश्या गोळा केल्या आणि आत गेली. आमच्या ओळखीत ती बोलायची थांबली, असं मी पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं. मला निरोप द्यायला ती बाहेर आली नाही. पोर आली. टांग्यापर्यंत आली आणि टांगा हलल्यावर मनगट हलवत उभी राहिली, वळणापर्यंत.

धुळ्याला पोहोचले. हे खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते.

"काय झालं?"

"पोरीला बघायला आले होते. मोडलं."

 मग वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि, दहा वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी मला विचारलं, "ती खुणा करते का? काही शब्द आहेत का तिच्याजवळ?"

"आहेत."

"तू स्वतः पाहिलेत?"

मी हात वर केला आणि मनगट हलवलं.

"हे काय?"

"मी," म्हणाले.

ते बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले. लिहून ठेव, असं म्हणाले नाहीत. वर्तमानपत्र उचलून त्यांनी पुन्हा तोंडासमोर धरलं.